वनिताच्या दारातली चप्पल

१४ जून
गजू घरी आला. सुटला नाही, जामिनावर आलाय. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याची तीन वर्षांची शिक्षा थांबवली. यांचाही अर्ज त्याच दिवशी होता, तो फेटाळला. एक गाडी, एक खटला, सख्खे भाऊ. धाकटा करडीच्या बसमधून उतरून घरी, थोरला नागपूरच्या जेलात सात वर्षं. का, तर गाडी हे चालवत होते.

वनिताचे वडील साकोलीहून पेढे घेऊन आले. मलाही दिला. खाल्ला. गोड लागला याचाच राग आला.

अंगण एक, दारं दोन. समोर वनिताच्या, माझ्या जावेच्या दारात आज पुरुषाची चप्पल. यांची मी आत, पलंगाखाली सरकवून ठेवली आहे.

१७ जून
व.ने आज बोंबील केले. वास सगळ्या अंगणात. वाटीभर आणून दिले, वर म्हणते, "ताई, तिखट झाले का पाहा जी." तिखट झाले नव्हते. मी झालेत म्हणून सांगितलं.

नवीन बांगड्या भरल्यात. दिवसभर वाजतात. भांडी घासायला एवढा हात हलवावा लागतो का?

माझी जुई संध्याकाळी काकाकडेच. गणितं काकाच सोडवतो, हसणं इथपर्यंत ऐकू येतं. बाप जेलात गेल्यापासून ही पोरगी माझ्याकडे तशी हसली नाही. हाक मारून आत घेतली आणि उगाच कपड्यांच्या घड्या घालायला लावल्या.

२३ जून
आज कळलं जामीन कसा झाला ते. खटल्यात दोघांचा वकील एकच होता. अपिलाला व.च्या वडिलांनी गजूसाठी वेगळा केला. मला वाटलं, बरं, दोन डोकी झाली. त्या वेगळ्या वकिलाने कोर्टात सांगितलं की गजू नुसता बाजूला बसला होता, "थांब, थांब" म्हणत होता, भावाने ऐकलं नाही.

आमच्या वकीलसाहेबांनी फोनवर हे वाचून दाखवलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, हे आपल्याला जड जाईल. तो थांब म्हणाला आणि हे थांबले नाहीत, म्हणजे हे मुद्दाम करत होते असा अर्थ निघतो. सरकारनेही अपील केलंय, यांची शिक्षा वाढवा म्हणून."

सगळा खटला या 'मुद्दाम'वर अडलाय. रेतीची गाडी होती, परवाना नव्हता, पोलीस मागे लागले, हे पळाले. एवढं कबूल आहे. मग गाडी तलावाच्या पाळीवर, त्या अरुंद बांधावर घेतली. जीप मागेच राहिली, एक शिपाई मोटारसायकलवर मागे आला. तुडुमाजवळ, तलावाचं पाणी सोडतात तिथे, गाडी मागे आली आणि शिपाई मोटारसायकलसकट खाली गेला. कमरेचं हाड मोडलं. हे म्हणतात चाक घसरलं. निकालात लिहिलंय, अरुंद पाळ मुद्दाम निवडली, गाडी मुद्दाम मागे घेतली, जीवे मारण्याचा प्रयत्न.

पाळ मुद्दाम निवडली. यांनी!

२४ जून
कालचं डोक्यातून जात नाही.

पाळीवर मातामायचं ठाणं आहे. हे चप्पल काढल्याशिवाय पाळीवर पाय ठेवत नाहीत. सायकल नाही, बैलबंडी नाही. माझ्या लग्नाची गाडी पाळीवरून पाच मिनिटांत घरी आली असती, यांनी वळसा घालून सगळ्या गावाच्या बाहेरून आणली. जीव तहानेने कासावीस, आणि हे म्हणतात, "तिच्या अंगावरून चाक कसं नेऊ?" तेव्हा वाटलं होतं, कोणत्या येड्याच्या पदरात पडले मी.

तो माणूस रेतीची भरलेली गाडी पाळीवर घालेल? पोलीसच काय, यम मागे असता तरी.

गजू मात्र लहानपणापासून पाळीवरून फटफटी उडवतो. सासूबाई शिव्या घालायच्या.

३० जून
मुलाकात. काचेपलीकडे हे, मध्ये फोन. वाळलेत. आल्या आल्या विचारलं, "धानाचे पऱ्हे टाकले का? पाणी हाये का बांधीत?"
मी म्हटलं, पाळीवर गाडी कोणी नेली?
यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.
परत विचारलं.
"मीच नेली. चालवून कोण राहिला होता? मीच ना."
"तुमी नाही नेली."
"आता काहून उकरून राहिली तू? गजू घरी हाये ना? मंग झालं."
गजू घरी आहे म्हणून यांना बरं वाटतं. मला नाही वाटत. हे यांना सांगायला हवं होतं. वेळ संपली.

बसमध्ये पुढच्या सीटवर एक जोडपं. तो झोपला होता, तिच्या खांद्यावर डोकं टाकून. भंडारा येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं नाही, त्यांनाच पाहत राहिले.

११ जुलै
गजूने रोवणीसाठी चिखल केला. आधी माझ्या शेतातली बांधी, मग स्वतःची. मी सांगितलं नव्हतं. पाणी कमी होतं तेही आधी माझ्याकडे वळवलं. आज रोवणी. बाया एका ओळीत, व. माझ्या शेजारी. तिचा हात भरभर चालतो, माझ्या वाट्याचेही रोपांचे दोन-चार चूड लावून टाकते. कोणी सांगितलं होतं?

रखमाबाई म्हणाली, "नशीबवान हास व तू. दीर असा पायजे."
सगळ्या बाया हो-हो. व. खाली मान घालून खुश.
नशीबवान! मी पऱ्हे एवढे खोल खुपसले की मागून रखमाबाईच ओरडली.

१३ जुलै
एक गोष्ट लक्षात आली. गजू आता पाळीवरून जात नाही. शेतात जायचं तर वळसा घालून जातो, डोक्यावर ओझं असलं तरी. आधी फटफटी उडवणारा. मी आज त्याला शेताच्या धुऱ्यावर गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. सरळ विचारलं.

खाली बसला. मग बोलला, माझ्याकडे न पाहता.
"मीच म्हटलो जी वहिनी. पाळीवरून घे दादा, जीप येत नाही तिथं. दादा नाही म्हणे. मी स्टेअरिंग ओढलो."
"आणि थांब, थांब?"
"तसं कोणीच नाही म्हटलं. ते वकिलानं लिवलं."
"मग कोर्टात काहून नाही सांगितलं तू?"
"दादानंच नको म्हटलं. म्हणे, चालवणारा मी हावो, मले तर होनारच. दोघंही आत गेलो तर दोन्ही घरच्या बांध्या कोण करन?"

म्हणजे माझी बांधी आधी केली ती माया नव्हे. ठरलेलं होतं. दोघा भावांचं ठरलं आणि मला कोणी विचारलं नाही. माझा माणूस देऊन टाकला, आणि बदल्यात मला रोवणी मिळाली.

२ ऑगस्ट
काही लिहिलं नाही इतके दिवस. लिहिण्यासारखं एकच आहे. जळते मी. सकाळी ती त्याला पाणी देते तेव्हा जळते, तो तिच्यावर खेकसतो तेव्हाही जळते. माझ्यावर खेकसायला कोण आहे?

पोळा
बैल सजवले गजूनेच. यांचा बैलही. यांनी शिंगांना लाल लावला असता, याने हिरवा लावला. मी ओवाळलं.

व. नवी साडी नेसून त्याच्याबरोबर तोरणापाशी उभी. मला बोलावलं, "ताई, इकडं या ना, आमच्या संगं उभ्या राहा."
'आमच्या संगं.' तोंडातून निघून गेलं. "तुझा नवरा कोर्टात खोटं बोलून घरी आलाय. स्टेअरिंग त्याने ओढलं. विचार त्याला."
तिचा चेहरा पडला. तिला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं बरं वाटेल. थोडं वाटलंही.

घरी जाताना गजू तिच्या मागे चार पावलं चालत होता.

९ सप्टेंबर
समोरच्या घरात बोलणं बंद. बांगड्या वाजत नाहीत. भाजी येत नाही. जुई विचारते, काकू आजारी आहे का.

गजू आला, दारातच उभा राहिला. "वहिनी, मी लिहून देतो. खरं काय ते. तुमच्या वकिलाकडं घेऊन चला मले."

१५ सप्टेंबर
एकटीच नागपूरला जाऊन वकीलसाहेबांना विचारून आले. त्यांनी निकालाची फाईल परत चाळली. मग म्हणाले, अपिलात नवीन पुरावा सहसा घेत नाहीत. घेतला तर पाळ यांनी निवडली नाही, एवढं दाखवता येईल. 'मुद्दाम' थोडं सैल होईल. शिक्षा कमी होईल का? "सांगता येत नाही. गाडी मागे आली तेव्हा चाक यांच्याच हातात होतं." आणि गजूचं? "त्याचा जामीन जाऊ शकतो. आधी थांब म्हटल्याचं सांगितलं, आता उलट सांगतोय. त्याची शिक्षाही वाढवून मागतील."

म्हणजे माझा येईल की नाही कोणास ठाऊक. तिचा मात्र बहुतेक जाईल.
हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं.

कोर्टाच्या आवारात तो शिपाई दिसला. काठी टेकत चालतो, एक पाय ओढतो. बायकोने पाण्याची बाटली उघडून दिली. त्याने मला ओळखलं, नजर वळवली. बाईने नाही वळवली. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी वनिताकडे पाहते. एवढं कळलं. तरीही मनात आलंच, हिचा निदान शेजारी आहे.

२० ऑक्टोबर
धान पिवळं पडलं. माझी बांधी गावात सगळ्यात चांगली. सगळे सांगतात.
मुलाकातीत यांना गजूचं सांगितलं. काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले.
मग, "धान कापून झाल्यावर काय करायचं ते करा. त्याच्याआधी नको."
स्वतःबद्दल एक शब्द नाही. माझ्याबद्दलही नाही. धान.

२८ ऑक्टोबर
सुनावणीची तारीख लागली. वकीलसाहेब म्हणाले, लिहून द्यायचं असेल तर त्याला उद्याच घेऊन या. धान अजून उभं आहे.

दुपारी व. आली. खूप दिवसांनी माझ्या दारात. बसली नाही.
"ताई, तुमी नाही म्हटलं तर हे थांबतीन. माझं आयकत नाहीत."
"मी कायले नाही म्हणू?"
"नका म्हणू मंग. मी नुसतं सांगाले आली." वळता वळता म्हणाली, "यायच्या जामिनासाठी पेढे वाटले होते ना माझ्या बापानं, तवा मले तुमच्याकडं पाहवत नव्हतं. तरी तुमाले दिला. नाही द्याले पायजे होता."

पेढ्याचं तिलाही लागून राहिलं होतं. मी पाणी विचारलं, नको म्हणाली.

२९ ऑक्टोबर
सकाळ. बसला अजून वेळ आहे. पोळ्या झाल्या. डबा एक भरू की दोन, हे ठरत नाही म्हणून उघडाच ठेवलाय.

गजूला मी 'चल' म्हटलेलं नाही. 'नको' पण म्हटलेलं नाही. त्याने काल स्वतःच सांगितलं, "सकाळी येतो जी, वहिनी." मला काहीच करावं लागणार नाही. फक्त गप्प बसायचं. तोही तेव्हा कोर्टात नुसता गप्पच बसला होता.

जुई उठली, विचारते काका कुठे चाललाय.

समोर दार उघडलं. तो बाहेर आला, पांढरा शर्ट घातलाय. व. चौकटीत उभी आहे, माझ्याकडेच पाहतेय. तो वाकून चप्पल घालतोय. आता हाक मारली तर ऐकू जाईल