धुराच्या नळीखालची बादली

अण्णा, ज्या थर्मल वीज केंद्रात तुम्ही ठेकेदाराकडे राख उपसलीत, तिथंच आता मी चिमणीकडे जाणारा धूर पकडते. हसू नका. त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड बारीक भोकांच्या कोरड्या दाण्यांना चिकटतो; दाणे तापवले की सुटतो, तो साठवायचा, आणि दाणे पुन्हा कामाला लावायचे. शिकत असताना मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "समदं खरं, पर पाणी किती लागंल त्याला?" पाण्यावाचून थर्मल बंद पडलं, त्या दुष्काळात तुम्ही आणि आई कोयता घेऊन सहकारी कारखान्याच्या उसावर गेला होतात, तुम्ही दुसरं काय विचारणार! धूर रसायन मिसळलेल्या पाण्यानं धुवायचीही रीत आहे, पण तिला पाणी फार लागतं. म्हणून मी या दाण्यांचा हट्ट धरला आणि वरच्यांकडून मोठ्या मिनतवारीनं एक चाचणी मिळवली.

ओल मात्र या दाण्यांची वैरीण. त्यामुळे धूर आधी थंड करतो, त्यातली वाफ पाणी होऊन एका नळीतून गळते. परवा झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्या नळीखाली बादली ठेवली. त्या सिरसाळ्याकडच्या, गावात टँकर चालू. मी म्हटलं, "मावशी, आंबट पाणी आहे ते, पिऊ नका हं." तर म्हणाल्या, "प्यायला न्हाई ताई, फरशी पुसाया. वाया कावून घालवायचं?" तुम्ही मला बाजेवर बसवून अंघोळ घालायचात, खाली घमेलं ठेवायचात आणि ते पाणी आई धुण्याला घ्यायची. माझ्या तोंडून 'उचला' निघेना. बादली राहिली.

ती भरली आणि नळीचं टोक पाण्यात बुडालं. संध्याकाळी धूर ओढणारा पंखा बंद केला, यंत्र निवत गेलं, आतली हवा आकसली आणि त्यानं तेच पाणी वर ओढून घेतलं. भिजलेले दाणे वाळवायला गेलो तर त्यांचा भुगा झाला. झाडलोटीच्या ठेकेदारानं मावशींना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या जाताना मलाच विचारत होत्या, "माज्यामुळं तुमचं लई नुकसान झालं का वो?" मला रडू आलं, आणि ठेकेदाराचा संतापही.

उद्या बैठकीत सांगणार आहे की बादली मीच ठेवली होती. मावशींचं काम राहील. माझी चाचणी बहुधा जाईल. तुम्हाला हे पटलं असतं की नाही, ठाऊक नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आणखी एक लिहिते. ती बादली भरत आलेली बघून मला जेवढा आनंद झाला, तेवढा दाण्यांचे चांगले आकडे बघूनही कधी झाला नव्हता.