‘रिकामा वेळ’ नावाचा रकाना

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुमच्याशी नोकरीबद्दल बोलतेय. तुम्ही होतात तेव्हा मला इंजिनिअर व्हायची घाई होती आणि पॅसेंजर गाडीचा गार्ड म्हणजे शिट्टी फुंकणारा माणूस, एवढंच मला वाटायचं. आता मी नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेला, रेल्वेगाड्यांवरच काम करते. हसा खुशाल.

इथल्या लहान गाड्यांना तुमच्यासारखा गार्ड नसतो. ड्रायव्हर समोरच्या पडद्यावर सगळी दारं बघतो, बटण दाबून बंद करतो आणि निघतो. तरी काही फेऱ्यांवर आणखी एक माणूस असतो. तो तिकिटं बघतो, कुठे उतरायचं ते सांगतो. हा माणूस ठेवायचा की काढायचा, याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि सोमवारी तो द्यायचा आहे. त्यासाठी सहा दिवस मी गाडीत बसून त्या माणसाच्या कामाची मिनिटामिनिटाला नोंद केली. तक्त्यात तिकिटांचा रकाना होता, चौकशीचा होता, मदतीचा होता आणि उरलेलं सगळं जात होतं ‘रिकामा वेळ’ या रकान्यात. तोच सगळ्यात भरभर भरत होता.

सहाव्या दिवशी दुपारी सिग्नल बिघडला आणि गाडी दोन स्टेशनांच्या मधे, मक्याच्या शेतात थांबली. ड्रायव्हर केबिनमध्ये फोनवर अडकलेला, त्याला जागचं हलता येईना. डबा तापायला लागला. वीसेक मिनिटांनी सायकल घेऊन चढलेली एक बाई उठली आणि दार उघडायच्या लाल दांड्याकडे निघाली. तिकिटं बघणारा तो माणूस तिच्या आधी दाराशी पोचला होता. साठीचा, मूळचा सुरिनामचा, अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात वाढलेला. तो ओरडला नाही, नुसता दारासमोर उभा राहिला.

“माझी मुलगी शाळेच्या फाटकात एकटी उभी असेल,” ती म्हणाली. “स्टेशन इथून दिसतंय. मी चालत जाते.”

“शेजारच्या रुळावर गाडी येऊ शकते, बाई. शाळेचा नंबर सांगा, मी लावतो फोन.”

त्याने खरंच लावला. शाळेतल्या कुणीतरी मुलीला आत नेऊन बसवलं, बाईने मुलीशी दोन शब्द बोलून डोळे पुसले आणि ती खाली बसली. गाडी हलल्यावर मी त्याला विचारलं, ती उठणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं? तो म्हणाला, “मघाशी फिरत होतो ना, तेव्हा पाहिलं. ती सारखी घड्याळ बघत होती.” ते फिरणं मी ‘रिकामा वेळ’मध्ये टाकलं होतं. मला माझीच लाज वाटली.

त्या क्षणी मला तुमचा मनमाडचा आवाज आठवला. मी दहा-अकरा वर्षांची आहे, आई आणि मी तुमच्याच गाडीने निघालोय, आणि गाडी सुटायच्या वेळी मी तुमच्या जेवणाचा डबा घेऊन तुमच्याकडे धावत येते. तुम्ही हिरवा झेंडा धरून बाहेर वाकलेले. माझ्याकडे न बघताच तुम्ही ओरडता, “मागे हो!” सगळ्या फलाटासमोर. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. मग तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून, आमटीत भाकरी कुस्करत म्हणालात, “गाडी सुटताना मी कुणाचा बाप नसतो गं. ड्रायव्हरला पुढचं दिसतं. मागची माणसं मलाच बघायची असतात.” आईने तुमची बाजू घेतली म्हणून मी तिच्यावरही रुसले होते.

माझा सहकारी पुण्याचा आहे. काल त्याला अहवाल बदलणार म्हणून सांगितलं तर तो वैतागला. “अगं, दारं ड्रायव्हर बघतो, डेटा क्लिअर आहे. एका इन्सिडंटवरून सगळं फिरवणार? पुढचं काम आपल्याला मिळेल का?” नाही मिळालं तर नाही मिळालं. सहाही दिवसांची नोंद मी पुन्हा तपासायला घेतली आहे. गाडीतल्या त्या माणसाचं फिरणं, थांबणं, लोकांचे चेहरे बघणं, सगळं कामात धरणार आहे. सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे की दारं ड्रायव्हरने खुशाल बंद करावीत, पण गाडी मधेच अडकली तर माणसांजवळ माणूस हवा. त्यांनी ऐकलं नाही तरी माझ्या सहीने ‘गरज नाही’ हे शब्द जाणार नाहीत.

एक गोष्ट मात्र तिथे सांगणार नाही, आणि तिच्यापायी हे पत्रही कुणाला दाखवणार नाही. तो तक्ता मला कुणी दिला नव्हता, तो मीच बनवला. त्या रकान्याला नाव सुचत नव्हतं, तेव्हा डोळ्यांसमोर आलात ते तुम्हीच, गार्डच्या डब्यात खुर्ची टाकून बाहेर बघत बसलेले.