केसरमावशीचा शिक्का

१५ सप्टेंबर २०२५, आगरदांडा
आजपासून नोकरी. तळा गावाहून सकाळची एस.टी. पकडून आले. जेटीजवळ खोली मिळाली, खिडकीतून दिघीला जाणारी फेरीबोट दिसते. कारखाना सुक्या मासळीचा: सोडे, जवळा, बोंबील पाकिटांत भरून मुंबईला जातात. माझं काम सगळ्यात शेवटचं. पाकीट दाबायचं, सील बघायचं, तारीख वाचायची, आणि ठीक असलं की आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. शिक्क्याशिवाय पाकीट गाडीत चढत नाही. माझा नंबर पाच. जाम भारी वाटतंय.

१९ सप्टेंबर
चार नंबर केसरमावशींचा. त्या इथल्याच कोळीवाड्यातल्या, शाळा चौथीपर्यंत. पाकीट कानाशी धरतात, हवा जातेय का ऐकतात, की झालं. मी पनवेलला कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे. तरी पाकिटं भरणारी रतन शंका आली की माझ्या टेबलावरचं पाकीट उचलून त्यांच्याकडे नेते. माझ्या नाकासमोरून.

२६ सप्टेंबर
गणराजशेठ म्हणाले, दिवाळीनंतर एकच तपासनीस कायम करणार. व्यापारी म्हणे चार नंबरचाच माल मागतात. ऐकून नुसती जळजळ झाली. मला नवरात्राचा उपास, म्हणून केसरमावशी घरून वरीचा भात आणि दाण्याची आमटी घेऊन आली. खाल्ली. चांगली होती, त्याचाच जास्त राग आला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सुऱ्या, वजनकाटे, शिक्के, सगळं पाटावर मांडून पूजा झाली. आज हत्याराला हात लावायचा नाही, आज त्याची विश्रांती, असं सगळ्यांना बजावून केसर घरी गेली. दुपारी मी एकटीच उरले. हवा जाणारी चाळीस पाकिटं मी आधीच बाजूला ठेवली होती. पाटावरचा चार नंबर उचलला. कुंकू लागलेलं होतं, तसाच शाईत बुडवून मारला. चाळीस वेळा. दर ठोक्याला बरं वाटलं.

८ ऑक्टोबर
माल परत आला. अळ्या पडलेल्या. शेठनी केसरला काढलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली की खंडेनवमीला माझा शिक्का पूजेत होता, मी उठवलेला न्हाय. ज्यानं उठवला त्याच्याच मागं तो लागंल. मग माझ्याकडे बघितलं. चौलला लेकीकडे निघाली तेव्हा सगळ्या बायका रडल्या. मी गेले तर एक तरी रडेल का?

११ ऑक्टोबर
मी कायम झाले, शेठनी दिवाळीचीही वाट बघितली नाही. पण पाकिटं माझ्या टेबलावर येतात तीच शिक्का मारलेली. चार नंबर. लाल. आपली शाई निळी असते. तिचा शिक्का शेठच्या कपाटात कुलपात आहे. जाऊन बघितला — कोरडा.

१३ ऑक्टोबर
डब्यावर चार. उशीवर, कंगव्यावर. रतनला दाखवलं, तिला काहीच दिसत नाही. उलट तिनेच विचारलं, केसरमावशी परत कधी येणार. मेलीला दुसरं काही सुचत नाही.

१४ ऑक्टोबर
मनगटावर. साबण, रॉकेल, घासणी — जात नाही. रक्त आलं, तरी खाली तसाच. शिक्क्याखाली तारीख आहे. पॅकिंग १ ऑक्टोबर. अंतिम तारीख पुसट —

१५ ऑक्टोबर
वाचता येतेय आता. उद्याची.

१६ ऑक्टोबर, दुपार
कामावर गेले नाही. कडी लावली होती — तरी दार उघडं. बायका आत आल्यात. रतन आहे. मी बोलतेय, कुणी ऐकत नाही. दाबून बघतायत — बरगड्या — कानाशी धरतायत —
केसर मधे बसलीय. चौलला होती ना ती. सगळ्या तिलाच विचारतायत, हे ठेवायचं का काढायचं. आतासुद्धा तिलाच. अगं, तपासनीस मी आहे, मला वि—