हार्बरचे सव्वीस गोल

वॉलॉंगॉंग
गुरुवार, ३ जून २०२१

प्रिय उल्हास,

ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद ठेवल्याची किंमत इथले पेपरवाले अब्जांत लिहितात. मी ती आज मैदानाच्या कुंपणाला टेकून मोजली. तुझ्या जुन्या हॉस्टेलच्या, हार्बर कॉलेजच्या, एकशेचाळीस खोल्यांपैकी अठ्ठ्याऐंशी खोल्यांचे पडदे वर्षभर उघडलेले नाहीत. फुटबॉल टीममधले नऊ जण काठमांडू, जकार्ता, नागपूर इथे आपापल्या घरी बसून लॅपटॉपवर लेक्चर ऐकतायत. मुलगे पुरत नाहीत म्हणून यंदा मुलामुलींची मिळून टीम केली. लेफ्ट बॅकला खेळतो तो मूळचा बुद्धिबळवाला, पास द्यायच्या आधी विचार करतो. आठ मॅच झाल्या, आठही हरले. दोन गोल केले, सव्वीस खाल्ले. आणि ज्या गोलकीपरने ते सव्वीस खाल्ले, ती तुझी लेक चिन्मयी.

तुला तिने 'थोडंफार खेळते' एवढंच सांगितलं असणार. परवा आमच्या स्वयंपाकघरात ती रेखाला म्हणाली, शनिवारी रिजव्ह्यू हॉस्टेलशी मॅच झाली की ग्लव्ह्ज काढून ठेवते, टीम माझ्यामुळेच हरतेय. दुसरा कीपर नाही. ती गेली तर हार्बर स्पर्धेतून नाव काढून घेणार, म्हणजे त्या रिकाम्या इमारतीतली उरलेली मुलं आठवड्यातून दोनदा एकत्र येतात, तेही संपलं. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुला अजून दम लागतो आणि मेधा स्पीकर लावून ठेवते. या पानांचे फोटो पाठवतो. एकटा असताना वाच.

मॅचच्या आधीचा आपला गुरुवार तू विसरला नसशील. तू हार्बरचा राइट विंग, मी रिजव्ह्यूच्या किचनमध्ये भांडी घासून रिजव्ह्यूच्याच नावाने ओरडणारा. नियम अजून तोच आहे. समोरच्यांच्या सरावाला जाऊन त्यांची ताकद जोखायची तर चोरून नाही, संत्री चिरून न्यायची, उघड उभं राहायचं आणि ब्रेकमध्ये ती त्यांनाच खायला घालायची. कोविडमुळे यंदा दर माणशी वेगळी पिशवी, एवढाच फरक. आता माझं स्वतःचं किचन आहे, तीन व्हॅन आहेत, पण त्या दिवशीची संत्री मीच चिरतो.

माझ्याबरोबर अवधूत आणि लीना होते. दोघं आपल्यानंतरचे, पण पक्के रिजव्ह्यूवाले. अवधूत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तोंडाने कुणाला सोडत नाही. हार्बरची मुलं उभी राहिली तर म्हणाला, ही टीम आहे का लशीची रांग, सगळे कसे दीड मीटर अंतर राखून उभे. लीना इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. ती म्हणाली, हसू नकोस, त्या पोरांनी दीड वर्षात आईबापांना पाहिलेलं नाही. अवधूत थोडा वरमला, पण लगेच सुरू. कीपरला डावीकडून खाली मारा म्हणे, आणि बघा, तिचा मोबाईल गोलपोस्टपाशी ठेवलाय, बॉल कुठे आणि हिचं लक्ष कुठे. मी म्हटलं, अवध्या, जपून बोल, ती दर रविवारी आमच्याकडे जेवते. तर म्हणाला, मग वाढताना सांग ना मोहनशेठ, फोनकडे बघून गोल अडत नाहीत.

मला तिच्या बाजूने बोलता येईना. तू एप्रिलमध्ये मेधाकडून मला निरोप दिला होतास, तुला कोविड झाल्याचं चिन्मयीला काही कळू द्यायचं नाही, विमानं बंद, ती येऊ शकणार नाही, उगाच पोरगी झुरेल. मी शब्द पाळला. रविवारी ती समोर बसून वरणभात खायची आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. तुझा बेडही मी इथून मिळवला. मेधाने पाठवलेल्या यादीतले सोळा नंबर वाया गेले, सतरावा लागला, आणि तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत हो म्हटलं. पुण्यात लोक रिक्षात ऑक्सिजन लावून फिरत होते तेव्हाची गोष्ट. बोलायचं कसं ते धंद्याने शिकवलं, असं म्हणत मी तुझं नाव वगळून हा किस्सा इथे चार घरी तरी ऐकवलाय.

लीना सगळ्या मॅचचा हिशोब एका वहीत ठेवते. ती वही उघडून म्हणाली, पण सुधारतायत रे. आधी दोन-दोन गोल, मग एकदम सात, मग सहा, चार, तीन, एक, एक. एखाद्या पेशंटचा ताप उतरावा तसं. मी वही हातात घेतली. सात गोल चोवीस एप्रिलला. त्याच दिवशी तुला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं. सहा गोल एक मेला, तू आयसीयूत. चार झाले त्या शनिवारी तुझा ऑक्सिजन थोडा कमी केला होता. अठराला तू घरी आलास, आणि त्यानंतरच्या दोन्ही मॅचमध्ये तिने एकेकच गोल खाल्ला.

ब्रेक झाला तशी संत्र्याची पिशवी घेऊन मी थेट तिच्या गोलपाशी गेलो. ती पाठमोरी, फोन कानाला. माझे कान तुला ठाऊक आहेत. चार पावलांवरून मेधाचा आवाज ओळखला. चिनू, बाबा आज एक मजला चढले, चढून आल्यावर ऑक्सिजन शहाण्णव. ती वळली आणि म्हणाली, काका, ऐकलंत ना. मी म्हटलं, ऐकलं, कधीपासून माहितीये तुला. म्हणाली, पहिल्या दिवसापासून, आईला एकटीला झेपलं नसतं. मग बाबांना का नाही सांगितलंस असं विचारलं, तर म्हणाली, मला काही माहीत नाही, हीच एक गोष्ट त्यांच्या मनासारखी होत होती, ती कशाला काढून घेऊ. व्हिडिओ कॉलवर ते मास्क बाजूला करून दहा सेकंद हसायचे, मीपण हसायचे, मग खेळायला जायचे. टीमला सांगितलं असतं तर त्यांनी मला बसवलं असतं, आणि कीपर दुसरी नव्हती. मग ग्लव्ह्जकडे बघत म्हणाली, पण आय लेट इन सेव्हन, काका. ते तर मीच खाल्ले ना.

मी तिला समजवायला गेलो नाही. ते माझं काम नाही, तुझं आहे. कुंपणापाशी परत आलो तर लीनाने माझ्याकडे पाहून वही मिटली, आणि अवधूत म्हणाला, डावीकडून मारायचं मी अजून कुणाला बोललेलो नाही.

तर लिहिण्याचं कारण असं. शनिवारी मॅच दुपारी दोनला आहे, तुमचे सकाळचे साडेनऊ. नऊला तू स्वतः तिला फोन कर. ठणठणीत आहे म्हणू नकोस. ते पंचवीस दिवस कसे गेले, किती घाबरला होतास, सगळं सांग, दम लागला तर थांब, ती थांबेल. तिने खेळत राहावं की नाही ते ती ठरवेल, पण आपण नालायक आहोत असं समजून तरी तिने सोडू नये. आणि तो सतरावा नंबर मेधाकडे कुठून आला, हेही आज तिच्याकडूनच कळलं. तो चिन्मयीने शोधला होता आणि तिथे बोलूनही ठेवलं होतं, चोवीस एप्रिलच्या मॅचमध्ये, हाफटाइमला, गोलपोस्टला पाठ टेकून. मी फोन केला तेव्हा त्या बेडवर तुझं नाव आधीच लिहून झालं होतं.

तुझाच, आणि या एका शनिवारी हार्बरचाही,
मोहन