गॉर्डनसाहेबांसाठी लागर

४ एप्रिल २०१४, शुक्रवार. यान्बू, सौदी अरेबिया.
आजपासून रोजनिशी. कठीण काळात विचारी माणसाने विचार नोंदवून ठेवावेत.
परिस्थिती अशी. प्लांटमध्ये सौदीकरण. निम्मे परदेशी इंजिनिअर जाणार. कोण, ते आमचे मॅनेजर गॉर्डनसाहेब ठरवणार. श्रुतीची दहावी याच आठवड्यात सुरू झाली. वर्षाच्या मध्येच उचलून नाशिकला न्यायची म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. शर्मिलाला झोप लागत नाही. मला लागते. माझ्याकडे प्लॅन आहे.
शेजारचा आयरिश फायनल एक्झिटवर गेला, म्हणजे कायमचा मायदेशी. जाताना रीतीप्रमाणे सगळं सामान दारात मांडून विकलं. शर्मिलाने इस्त्रीचं टेबल घेतलं. मी नळ असलेली बादली, माल्टचा डबा आणि यीस्टचं पाकीट. घरच्या घरी लागर बिअर, तीही दारूबंदीच्या देशात! तो डोळा मारून म्हणाला की हे पकडलं गेलं, तर तूही माझ्या मागोमागच. फक्त तुरुंगमार्गे.
गॉर्डन एकदा कॅन्टीनमध्ये ‘कोल्ड लागर’ म्हणून उसासला होता. ज्याच्या घरी लागर मिळते त्याला कोण काढेल?
मी स्वतः पीत नाही. ॲसिडिटी होते.

५ एप्रिल
कामाला लागलो. बादली म्हणजे लहान रिॲक्टर. आयुष्य रिॲक्टर चालवण्यात गेलं, मला सूचनांचा कागद वाचायची गरज नव्हती. तरी वाचला. साधी बिअर कुठेही होते, लागर मात्र थंडीत आंबते. बारा अंशांत. बाहेर अडतीस. किरकोळ अडचण.
बेडरूमचा एसी सोळावर, बादलीला ओले टॉवेल. शर्मिलाने विचारलं, आम्ही कुठे झोपायचं. म्हटलं, इथेच, रजई घेऊन. लग्नानंतर महाबळेश्वर राहूनच गेलं होतं. ती हसली नाही.

९ एप्रिल
झाकणावरची नळी बुडबुडते आहे. उत्तम प्रगती. मला सर्दी. शर्मिला स्वेटर आणि कानटोपीत. घरात एकच एसी नीट चालतो, तोही बेडरूममध्ये, त्यामुळे श्रुती तिथेच हातमोजे घालून अभ्यासाला बसते. म्हणाली, बाबा, धिस इज नॉट नॉर्मल. इंग्लिश मीडियमचा परिणाम.
बंदर माझ्या हाताखालचा सौदी ट्रेनी. हुशार आहे, पण प्रश्न फार विचारतो. आज विचारलं, मिस्टर हेमचंद्र, या उकाड्यात सर्दी कशी? म्हटलं, कामाचा ताण. मग त्याला प्रेशर रिलीफ शिकवला. बंद भांड्यात वायू तयार होत असेल तर त्याला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर भांडं फुटतं. मान डोलावली. डोक्यात किती शिरलं देव जाणे.

१७ एप्रिल
चैत्रातलं हळदीकुंकू आमच्याकडे. कंपाउंडमधल्या सगळ्या बायका. पन्हं, आंब्याची डाळ. बायका हॉलमध्ये, मी बादलीच्या पहाऱ्यावर बेडरूममध्ये. मध्येच बादलीला चेव आला. बुडुक, बुडुक, बुडुक. बाहेर कोणीतरी विचारलं, कसला आवाज? शर्मिलाने सांगितलं, यांचं पोट बिघडलंय.
प्लांटमधल्या मुझम्मिलच्या मिसेस आबिदाभाभी रत्नागिरीच्या, मायाळू. दाराबाहेरून ओरडून म्हणाल्या, भाऊ, ओवा चावा वाईच, वायू सरंल. सगळ्या हसल्या. मोठ्या कामात असे अपमान गिळावे लागतात. ओवाही गिळला.

२५ एप्रिल, शुक्रवार
बाटल्या भरल्या. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर घालायची, असं कागद म्हणतो. पाहुण्याला अर्धा चमचा? शोभतं का? दोन चमचे घातली. गॉर्डनच्या बाटल्यांना तीन.
आता दोन महिने थंडीत ठेवायच्या. शर्मिला म्हणाली, एसी आजच्या आज बंद, नाहीतर मी पोरीला घेऊन आबिदाकडे चालले. मोठ्या मनाने तडजोड केली. बाटल्या स्टोअररूममध्ये. तिथे जरा उकडतं. पण सौदीतल्या लागरने सौदीची हवा सोसायलाच हवी.
गॉर्डनला सांगून ठेवलं की तुमच्यासाठी सरप्राइज आहे. ‘ओह’ म्हणाला. उत्सुकता लपवता आली नाही बिचाऱ्याला.

२ मे, शुक्रवार
जेवायला बसलो होतो. धडाम. मग आणखी एक. मग दिवाळीच.
रिफायनऱ्यांच्या या गावात धडाम झालं की काय झालं म्हणून कोणी विचारत नाही. वारा कुठून येतोय ते बघायचं आणि असेंब्ली पॉइंटकडे पळायचं. कोणीतरी सायरन वाजवला. आमच्या ब्लॉकचा सेफ्टी वॉर्डन मीच. पिवळं जॅकेट घातलं, घराघरातून लोक बाहेर काढले, मैदानात हजेरी घेतली. फुटत होतं माझंच घर, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. नोंद असावी.
इमर्जन्सी ड्यूटीवर बंदर. मास्क लावून आमच्या घरात शिरला. तेव्हा मात्र माझी हजेरी चुकली. खलास. तुरुंग, मग विमान. श्रुती रडायला लागली. तिच्याकडे बघवेना. खरंच बघवेना.
बंदर बाहेर आला तो फेसाने भिजून. सगळीकडे आंबलेल्या पावाचा वास. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हे काय आहे? म्हटलं, डोशाचं पीठ. बाटलीत? म्हटलं, हो, आमच्याकडे बाटलीत. त्याने बाहीवरचा फेस पुसला. मग म्हणाला, मिस्टर हेमचंद्र, रिलीफ कुठे ठेवला होता? आणि रेडिओवर सांगितलं, खाण्याचा पदार्थ, धोका नाही, यल्ला, सगळे घरी जा.
माझं शिकवणं वाया गेलेलं नाही.
शर्मिला मात्र नंतर किती तरी वेळ बंदरशी बोलत उभी. प्रसंग काय, गप्पा काय. बायकांना गांभीर्य म्हणून नसतं.

४ मे, रविवार
एक बाटली वाचली! गॉर्डनची! डब्याच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून प्लांटमध्ये नेली. गेटवर घाम फुटला, पण ध्येयासाठी.
केबिनमध्ये खोकी. गॉर्डन पुस्तकं भरत होता. यादीबद्दल हळूच विचारलं. म्हणाला, यादीत पहिलं नाव माझंच आहे. बाटली पुढे केली. डॉक्टरांनी दारू कधीच बंद केलीय म्हणाला, म्हणून तर उसासतो. तरी माझ्या आग्रहासाठी झाकण काढून वास घेतला आणि बेसिनमध्ये ओतली. म्हणाला, पाइप साफ होईल.
पुढची नावं नवा मॅनेजर ठरवणार. नवा मॅनेजर बंदर.

५ मे
खचलो नाही. नवा प्लॅन: बंदरला घरी बोलावून डोसे.
शर्मिलाला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, काही गरज नाही, आपला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मार्चपर्यंत पक्का आहे. मॅनेजर बंदरच होणार हे तिला आबिदाकडून आधीच कळलं होतं, म्हणून शुक्रवारी मैदानातच तिने त्याला सांगितलं होतं की मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, तेवढी होऊ दे. तो लगेच हो म्हणाला. त्याची बहीणही दहावीत आहे.
म्हटलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, सांगत होते, तुम्ही काचा वेचत होता.
मग भाजी कढईत टाकून म्हणाली, बंदरने आणखी एक विचारलं होतं. मार्चनंतरही मिस्टर हेमचंद्रना ठेवू का.
मी खुर्ची पुढे ओढली. विचारलं, मग?
म्हणाली, मी नको म्हटलं.