जुन्या गावची सवारी

मुरुम, जून महिना

तीर्थस्वरूप अप्पांना जावई राजशेखरचे शरणु शरणार्थ.

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. थेंब वेळेवर घालता का, आणि चष्मा येईपर्यंत पेपर वाचायचा नाही हे पाळता का? (पाळत नसणार. हे पत्र तुम्ही स्वतःच वाचताय, यावरून दिसतंच.) फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं सूनबाई ओरडून सांगतात, म्हणजे तुमच्या पुण्याच्या अख्ख्या सोसायटीला कळतं. हा मजकूर सोसायटीला कळण्यासारखा नाही.

मी गाडी घेतल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. (शिवगंगानं ‘भंगार’ म्हटलं असेल, तर ते रागातलं समजा.) हैदराबादच्या एका डॉक्टरांनी परदेशातून परत येताना ती सोबत आणली होती. जुनी, जपानी, पाठीमागं उघडणारं दार, आणि दिसायला दप्तराएवढी. पण गिअरशेजारी एक छोटा दांडा आहे. तो ओढला की मागची चाकंही जोर धरतात. चारी चाकं, अप्पा! आयुष्यभर दुकानात बसून बायकांपुढं साड्या उलगडल्या आणि परत घड्या घातल्या. म्हटलं, एकदा तरी लडाख बघावं. गौरीशंकर मिस्त्रीनं गाडी उंच केली, जाड टायर बसवले, टपावर कॅरिअर टाकलं, मागची सीट काढून झोपायला फळी ठोकली, आणि इंजिनला पाण्यातही हवा मिळावी म्हणून टपापर्यंत नळकांडं चढवलं. म्हणाला, “मालक, आता ही बोअरमध्ये घातली तरी बंद पडणार न्हाय.” गाडी एवढी उंच झाली की शिवगंगा स्टुलावर पाय ठेवून चढायची. मोंढ्यातली माणसं विचारायची, “शेठ, शिडी फुकट दिली का वेगळी घ्यावी लागली?”

लडाखच्या आधी कुठंतरी चाचणी घ्यायची होती. यंदा मे महिन्यात माकणीचं धरण लई आटलं, आणि त्यात बुडालेलं तुमचं जुनं गाव उघडं पडलं. शिवगंगा म्हणाली, “चाचणीच घ्यायची तर माझ्या माहेरी चला.” गाव उठलं तेव्हा ती परकरातली पोर होती, तरी वाट तिनंच दाखवली. भर दुपारी आम्ही त्या गाळात उतरलो. वरून भेगाळलेला, आतून मऊ. मी दांडा ओढला आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे चालत राहिली. मला इतका आनंद झाला होता की एक गोष्ट उशिरा ध्यानात आली: तिथं आवाजच नव्हता. चिमणी नाही, शेळी नाही, वारा नाही. पुढं जुना डांबरी रस्ता लागला, आणि रस्त्याच्या कडेला एक म्हातारी हात करून उभी होती, काळीपिवळी जीपला करतात तसा.

मी थांबलो. (माणूस हात करतं तर थांबायचं, एवढंच डोक्यात आलं.)

“कुठं जायचं, मावशी?”

“घरी. उभी राहून पायाचे तुकडे पडले बघ.” मग गाडीकडं बघून म्हणाली, “एवढी उंच कशाला केलीस रं? म्हाताऱ्या माणसानं चढावं कसं?”

शिवगंगानं स्टूल ठेवलं. म्हातारी फळीवर बसली तशी गाडी मागून चांगली वीतभर दबली. मी आरशात बघितलं, तर फळी होती, पाण्याचा कॅन होता आणि म्हातारी नव्हती. मान वळवून बघितलं, तर होती. परत आरशात नव्हती. मी आरसा छताकडं फिरवून टाकला आणि गाडी चालवायला लागलो. दुसरं काय करणार? शिवगंगा पुढच्या सीटवरून मागं वळून बसली होती आणि दोघी कानडीत बोलत होत्या, लग्नात भेटल्यासारख्या. खालच्या आळीत नुसते पायाचे दगड उरलेत. त्यातल्या एका चौकोनापाशी ती “हां, इथंच” म्हणाली, उतरली, आणि आत जाताना तिनं डोकं वाकवलं. तिथं चौकट नव्हती, अप्पा. नुसतं ऊन होतं. तरी तिनं कपाळ सांभाळून डोकं वाकवलं.

घरी येऊन बघितलं, तर फळीवर माणूस बसल्याच्या आकाराची ओल. उन्हात ठेवली तरी वाळेना. मी दोन पांघरुणं घेऊन झोपलो, मे महिन्यात. शिवगंगा मात्र दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर गाडीची चावी घेऊन निघाली. “माणसं रस्त्याला उभी आहेत,” म्हणाली. तेव्हापासून रोज दुपारी जाते. मी चार-दोनदा सोबत गेलो. एकजण कडब्याची पेंढी घेऊन आला आणि ती टपावर चढवल्याशिवाय बसेना. एका फेटेवाल्यानं फळीवर बसायला साफ नकार दिला, म्हणून मला पुढची सीट सोडून मागं त्या ओलीवर बसावं लागलं. (नुसत्या पाण्याचा नव्हे, अप्पा, विहिरीच्या तळाचा गारठा होता तो.) त्यांचं म्हणणं एकच: गाव उठलं तेव्हा जिवंत माणसं ट्रकात बसून गेली, आम्ही आधीच गेलेलो, आम्हाला कुणी सांगितलंच न्हाय. ट्रक परत येईल म्हणून ती सगळी रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. आता दमलीत. पाणी परत यायच्या आत आपापल्या घरात जाऊन पडायचं म्हणतात.

मी गौरीशंकरकडून गाडीला पायरी बसवून घेतली. त्यानं विचारलं कुणासाठी, मी म्हटलं, सासुरवाडीची वयस्कर मंडळी. स्प्रिंगा बघून तो म्हणाला, “मालक, पाव्हणे हायत का सिमेंटची पोती?”

हसू येत असेल तर हसून घ्या, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. वर कुठंतरी पाऊस झालाय आणि धरणात पाणी चढतंय. परवा ती आली तेव्हा दाराच्या कडीपर्यंत चिखल होता आणि पुढच्या गार्डात शेवाळ अडकलं होतं. मी हात जोडले, चावी लपवली, अबोला धरला. ती शांतपणे म्हणाली, “तुम्हीच म्हणत होता ना, पाण्यात चालते म्हणून?” आज दुपारीही गेलीय. मी दुकान बंद करून ओसरीवर बसून हे लिहितोय आणि रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली तरी उठून बघतोय. लडाख मी मनातून काढून टाकलंय. बायको घरी यावी, एवढंच मागणं आहे.

सर्वांना नमस्कार.

आपला
राजशेखर

ता. क. खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी: ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तुमच्या हातानं दोन ओळी लिहून पाठवा, की गावात आता कुणी राहिलेलं नाही, फेऱ्या बंद कर. खोटं असलं तरी लिहा.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. सोडून द्या. शिवगंगा आत्ताच आली, कमरेपर्यंत भिजलेली, पण धड. रस्ता पाण्याखाली गेला. सगळ्यांना पोचवलं, म्हणते. फक्त एकजण अंगणात गाडीतच बसून आहे, उतरत नाही. पोरगेलीशी आहे, एक वेणी, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं फक्त कानडी. नाव जगदेवी सांगते. घर विचारलं तर म्हणते, घरी कुणी नाही, मला महांतप्पाकडं सोडा. ‘महांतप्पा’ही नाही, ‘महांत्या’ म्हणते. तुम्हाला ओट्यावर बसवून ती पाण्याला गेली होती म्हणे, आणि ‘मी येईपर्यंत हलू नको’ असं सांगून गेली होती. शिवगंगा विचारतेय, अप्पांना थोरली बहीण होती का? तुम्ही कधी बोलला नाहीत.

पत्र आत्ताच कुरिअरनं पुढं पाठवतोय. आम्ही परवा सकाळी निघतो. गाडी जड झालीय, हळूहळू येऊ. तुम्ही मात्र आमच्यासाठी खाली गेटवर येऊन थांबू नका. मी नाही, जगदेवी सांगतेय: “लहान आहे तो, रस्त्यावर येईल. त्याला म्हणावं घरातच बस, मी येते.”