नूपुर माझी आहे

२ फेब्रुवारी
आलो एकदाचे वांगणीत! लालबागची चाळ पाडणार म्हणून खोली सोडली, आता वन बीएचके आणि खिडकीतून डोंगर. नूपुर चार वर्षांची, बाल्कनी बघून नाचतच सुटली. नूपुरचा बाबा राजेश जहाजावर, मे महिन्यात येईल. शेजारच्या सुभद्राकाकी मालवणकडच्या, एकट्याच राहतात. चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "चेडवाक, नूपुराक, माझ्याकडे ठेव. तू जा कामाक."

१० फेब्रुवारी
परळच्या ऑफिससाठी सहाला निघते, परतायला आठ. नूपुर काकींकडे जेवून, वेणी घालून तयार असते. केवढा आधार! आज मात्र घरी यायला तयार होईना. उचलून आणावं लागलं.

१७ फेब्रुवारी
नूपुर मालवणी बोलते. मला हसू आलं. मग तिच्या हनुवटीवर तीळ दिसला. साबणाने घासला, जात नाही. काकींना तिथेच तीळ आहे, अगदी तिथेच.

२० फेब्रुवारी
रजा टाकून तिला घरीच ठेवलं. दिवसभर दाराशी बसून "आये, आये" करत रडली. जवळ घेतलं तर अंग चोरलं. मी कोण, विचारलं.
"मुंबैची मावशी."

२२ फेब्रुवारी
भायखळ्याला गेले. चाळीतले कुशाबामामा तिथे भाड्याने राहतात. त्यांनी नूपुरला खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत. फोटो दाखवला, तर विचारतात, गोड आहे, कोणाची? मी रडायला लागले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धर गो. तुझी पण कूस उजवतली."
राजेशला फोन केला. म्हणाला, तुला डॉक्टरला दाखवू या.

२३ फेब्रुवारी
जन्मदाखल्यावर आईचं नाव सुभद्रा. शाई जुनी —
पोटावर सिझेरियनचा व्रण होता. सकाळी आंघोळीला होता. आता नाही. कातडी गुळगुळीत —

२४ फेब्रुवारी, दुपार
काकींकडून उचलून आणलं तिला. कडी घातली. बाहेर अख्खी बिल्डिंग जमलीय, पोर पळवली म्हणतात. काकी ओरडत नाहीत. दाराला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "थोडाच वेळ राहिला."

लिहून ठेवते. नूपुर माझी. नाव मी ठेवलं. पहिला दात — कुठल्या महिन्यात — अंगाई म्हणायचे ती — कुठली —

नूपुर माझी. नूपुर —

दार ठोठावतायत. उघडायला हवं. ही कोणाची मुलगी माझ्या घरात रडतेय, हिची आई बिचारी बाहेर